मारुतीनं न सोडवलेली सवय

चार महिने मी मारुतीवर रुसलो होतो, आणि रुसायला कारण होतं. माझा धाकटा भाऊ बाळू चाळिशीचा आहे, पण समज लहानपणापासून कमी. काहीही विचारा, 'व्हय' म्हणतो. या 'व्हय'पायीच कुणाच्या तरी चोरीचा आळ अंगावर घेऊन तो वर्षभर तुरुंगात राहिला. जामिनावर सुटला तो तिथली एक सवय घेऊन. घंटा ऐकली की धावत येऊन उकिडवं बसायचं, आणि कुणी डोक्यावर हात ठेवून 'एक' म्हणेपर्यंत उठायचं नाही. तिथं मोजणी अशीच व्हायची. गारखेड्यात आमच्या शेजारी शाळा. घंटा झाली की बाळूमहाराज शाळेच्या फाटकात हजर. पोरं हसायची, मला बघवत नसे. दर शनिवारी मारुतीला सांगायचो, एवढी सवय सोडव. मारुती ढिम्म.

शनिवारीच पाचच्या आत बाळूची पोलीस ठाण्यात हजेरी असते. चुकली तर जामीन रद्द, पुन्हा तुरुंग. एका शनिवारी त्याला ठाण्यात नेताना उस्मानपुऱ्यात रिक्षा बदलायची होती, तिथं मला जुना मित्र भेटला. ऐकणारा मिळाला की मी घड्याळ विसरतो. झकास गोष्ट रंगवून वळलो, तर बाळू गायब. साडेचार वाजलेले. गल्ल्या पालथ्या घातल्या, ओरडलो. पण ओरडणाऱ्या माणसापासून तो लांबच पळतो, हेही मी विसरलो. शेवटी कोपऱ्यावरच्या मारुतीच्या देवळात शिरलो आणि भांडायच्या आवेशात घंटा अशी बडवली, की पुजारी जानवं सावरत बाहेर आले. देवाला काय काय बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मागं वळलो. चपलांच्या रांगेशेजारी बाळू उकिडवा बसलेला, मान खाली, धापा टाकत.

"दादा, मोज की."

मला रडू फुटलं. बाळू आपल्या डोक्यावर हात ठेवून दाखवत होता. दारात उभे असलेले एक रिक्षावाले चाचा पुढं आले. त्यांनी बाळूच्या डोक्यावर हात ठेवला, "एक." मग माझ्या टकलावर, "दोन. पूरे हो गए. चला, कुठं सोडू?"

ठाण्यात पोचलो तेव्हा पाचला चार मिनिटं कमी होती.

जी सवय काढून घे म्हणत होतो, तिलाच धरून देवानं त्याला माझ्यापर्यंत आणलं. काय ठेवायचं, काय सोडवायचं, हे आता मी मारुतीवरच सोपवलंय. रोज संध्याकाळी घरी आरतीची घंटा वाजवतो. बाळू येऊन बसतो, मी 'एक' म्हणतो. मग तो उठून माझ्या टकलावर हात ठेवतो. माझं मन गोष्टींच्या नादात कुठंही हिंडत असो, त्याचं 'दोन' ऐकलं की जागेवर येतं.