कुशाबाचं व्होल्टेज

लालबागच्या चाळींत कुशाबा चिंदरकर घरोघरी जाऊन टीव्ही दुरुस्त करतो. डब्बा टीव्ही होते तेव्हापासून करतो, आता भिंतीवरचे चपटेही करतो. माणूस हाताला चोख, पण थाप मारण्यात त्याहून चोख! टीव्हीला काहीही झालेलं असो, कुशाबाचं निदान ठरलेलं: व्होल्टेज वर-खाली झालं. पोराने रिमोट फेकून मारलेला असो की आजीने तेलकट हाताने पडदा पुसलेला असो, दोष व्होल्टेजचा. का, तर टीव्ही बिघडला की घरात आधी चोर शोधतात, आणि चोर सापडला की टीव्ही सुरू झाला तरी घर बंद पडतं. हे त्याने किती घरांत पाहिलं होतं. त्यापेक्षा सगळ्यांनी मिळून विजेला शिव्या द्याव्यात, कुशाबाला चहा द्यावा, विषय संपला.

यंदा दिवाळीच्या तोंडावर अंबिका परुळेकरांकडून बोलावणं आलं. तो गेला तर सून अपेक्षा कॉटवर बसलेली, पायाशी भरलेली बॅग. अंबिकावहिनींनी त्याला दारातच गाठून सगळं ऐकवलं. पडद्यावर उभ्या रेघा, अर्धं चित्र गायब. लेकाने, दीपकने, हौसेने आणलेला टीव्ही, आणि ह्या बाईने ओला फडका मारून त्याची वाट लावली! दसऱ्यापासून त्या सुनेशी धड बोलत नव्हत्या. फडका सुका होता, असं अपेक्षा सांगून थकली, ऐकतंय कोण? शेवटी तिने संध्याकाळच्या बसने माहेरी, कणकवलीला जायचं ठरवलं. परत कधी येणार, ते दीपकलाही सांगितलं नव्हतं.

कुशाबाने पिशवी खाली ठेवता ठेवताच नेहमीचा मंत्र म्हटला. पण वहिनी कसल्या ऐकतात! त्याच घरात फ्रीज चालतो, मिक्सर चालतो, मग व्होल्टेज काय टीव्हीलाच गाठून मारतं काय, असं त्यांनी विचारलं.

कुशाबाने प्लग काढला, अपेक्षाच्या मदतीने टीव्ही भिंतीवरून उतरवला, कॉटवर गोधडी पसरून पालथा घातला आणि मागचं झाकण उघडलं. वरच्या जाळीपासून खालपर्यंत पिवळे ओघळ सुकले होते. जाळीत झेंडूची एक पाकळी अडकलेली. ओघळ संपत होते तिथे, चित्राच्या चपट्या वायरीच्या टोकाला, हिरवट गंज. दसऱ्याला घरातल्या हत्यारांबरोबर टीव्हीचीही पूजा होते. कोणीतरी पाण्यातून काढलेला हार निथळू न देता तसाच वर चढवला होता. आता कोणीतरी म्हणजे कोण? ह्या घरात पूजा वहिनींशिवाय कोणी करत नाही, हे अख्ख्या चाळीला ठाऊक.

झाली का पंचाईत! कुशाबाने स्पिरिटने गंज पुसला, अपेक्षाच्या हेअर ड्रायरने सगळं सुकवलं, वायर परत बसवली आणि टीव्ही भिंतीला टेकवून लावून पाहिला. चित्र लख्ख आलं. आता झाकण लावायचं, चहा प्यायचा आणि निघायचं. पण अपेक्षाने पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही, ती बॅगेची चेन ओढून घेत होती. कुशाबाला स्वतःचाच राग आला. आयुष्यभर थापा मारून घरं सांभाळली, आणि आज आपण तोंड मिटलं तर ही पोरगी नाहक बदनाम होऊन जाणार.

"वहिनी, इकडे या," प्लग काढून टीव्हीची पाठ पुढे वळवत तो म्हणाला. "फडका काचेवरून फिरतो. वरच्या जाळीतून आत जात नाही. हे हाराचं पाणी आहे."

अंबिकावहिनी वाकल्या. ओघळांवरून त्यांनी बोट फिरवलं, पाकळी ओढून काढली. कुशाबाला वाटलं, आता शिव्या आपल्यालाच. पण त्यांनी मोबाईल उचलला आणि कामावर असलेल्या लेकाला लावला.

"दीपक, टीव्ही मी बिघडवलंय. हार गळत होतो, माका दिसत होता. देवाचा पाणी, त्याने काय होतला, म्हणान गप रवलंय. आणि मगे हिच्या नावार घातलंय."

मग त्यांनी फोन सुनेपुढे धरला. "जायचा असात तर जा. पण चूक माझी होती, ह्यां सांगून जा सगळ्यांका."

अपेक्षाने फोन घेतला, पण तिला रडू आवरेना. पलीकडे दीपक हॅलो हॅलो करत होता. कुशाबाने उगाचच स्क्रू मोजायला घेतले.

"मी दिवाळीला इथेच आहे," ती शेवटी म्हणाली. "येताना उटणं आण."