चौऱ्याण्णवची की अकराची

माझ्या पेणच्या व्याह्यांनी मला फसवलं. चौऱ्याण्णव सालच्या पोर्ट वाइनची शेवटची बाटली आम्हा दोघांची होती, दोघांनी बसून फोडायची असं ठरलं होतं, आणि ती फोडली आहे हे त्यांनी मला सांगितलं नाही. वर खोटंही बोलले. माणूस चांगला आहे हे आत्ताच लिहून ठेवतो, पुढे रागाच्या भरात राहून जाईल.

मी रोह्याचा, घर शेजारच्या वरसे गावात. धंदा भंगाराचा. कंपन्यांचे रिकामे पिंप, गंजलेले पत्रे, मोडीत काढलेल्या मशिनी मी उचलतो. सुरुवात हातगाडीवर केली आणि कुणाच्या मेहेरबानीवर काही मिळवलं नाही, त्यामुळे पहिल्या बोलीला हो म्हणायची मला सवय नाही. मुलीचं लग्न ठरवायला पेणला गेलो तेव्हाही भांडायच्या तयारीने गेलो होतो. मुलाकडचे म्हणजे काहीतरी अडवणार, मग मी काय बोलायचं, ते सगळं नागोठण्यापर्यंत पाठ करून झालं होतं. व्याह्यांचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे. हाताला माती तशीच, टॉवेलने पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "तुम्हाला जसं जमेल तसं करा." झालं. माझी सगळी तयारी वाया गेली. असा माणूस मी धंद्यात कधी पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मला त्यांचा थोडा संशयच आहे.

जावई जहाजावर असतो, प्रवासी जहाजावर, बारमध्ये. पहिल्या खेपेहून परत आला तेव्हा दोन्ही बापांना मिळून एक बाटली आणली. पोर्तुगालची. लेबलावर डोंगरउतारावरचं एक पांढरं घर. दोन हजार सालची होती. मी ग्लासात बर्फ टाकला, वर सोडा ओतला. जावयाच्या तोंडाकडे बघून व्याही हळूच म्हणाले, "व्याही, पोरगा रडेल आता. एक घोट तसाच घेऊन बघा."

घेतला. जांभळाच्या झाडाखाली दुपारी उभं राहिल्यासारखा वास, चव गोड, पण शेवटी जिभेवर कोऱ्या चहासारखा तुरटपणा. मी दारू आयुष्यभर काम संपलं म्हणून प्यायलो, चव बघत कधी प्यायलो नव्हतो. त्या संध्याकाळी ग्लास संपवायला मला इतका वेळ लागला की विहीणबाई आतून दोनदा विचारून गेल्या, वाढू का म्हणून.

मग जावयाला आम्ही सांगून ठेवलं की आणायची तर याच घरची. दुसरी नको. तो म्हणाला, हे लोक दर वर्षीची वाइन वर्षाच्या नावाने विकत नाहीत. जे वर्ष मनासारखं उतरलं त्याच वर्षाचं साल बाटलीवर टाकतात, बाकीच्या वर्षांचा माल दुसऱ्या कुठल्या नावाने जातो. हे ऐकून मला त्या न पाहिलेल्या माणसांबद्दल आदर वाटला. माल साधारण असताना तो साधारण आहे असं बाटलीवर कबूल करणारा व्यापारी आमच्या लाईनीत मला भेटलेला नाही.

बाटल्या व्याह्यांकडे राहायच्या. माझं घर स्लॅबचं, मे महिन्यात भिंतीला हात लावता येत नाही. त्यांच्या कारखान्याच्या मागे, चार पायऱ्या खाली, शाडू ओली ठेवायची खोली आहे. तिथे बारा महिने गारवा. ओल्या गोणपाटाखाली शाडू आणि तिच्या शेजारी आडव्या झोपवलेल्या आमच्या बाटल्या. आपला माल दुसऱ्याच्या गोदामात ठेवू नये, हे मी सगळ्या जगाला सांगत असतो. पण व्याह्यांना पावती मागणार कशी?

अशा चार सालांच्या बाटल्या आम्ही जमवल्या आणि वर्षानुवर्षं त्यांवर भांडलो. दोन हजारची दोघांनाही मान्य. तिला नावं ठेवायला जागाच नाही, आणि म्हणूनच तिच्याबद्दल बोलायला फार काही नाही. दोन हजार तीनची मात्र मला सुरुवातीला फार आवडली. त्या वर्षी तिकडे उन्हाळा फार कडक होता म्हणे. काळ्या खजुरासारखी दाट, गोड, लगेच खूश करणारी. व्याही म्हणाले, "ही पाहुण्यांसमोर लाडात येणाऱ्या पोरासारखी आहे. थोड्या वेळाने कंटाळा येतो." मी चिडलो. पण दुसऱ्या ग्लासाला खरंच कंटाळा आला, आणि ते मी त्यांना सांगितलं नाही.

दोन हजार अकराची आम्ही पोपटीच्या रात्री उघडली, खांब गावाजवळच्या माझ्या एका ओळखीच्या माणसाच्या शेतावर. वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्ड्याचा पाला, मडक्याभोवती जाळ. त्या धुरात आणि थंडीत अकराची जी लागली ती लागली. करवंद दाताखाली फुटावं तशी आंबट-गोड, आणि खाली लोखंडासारखी ताकद. मी तिथेच सांगून टाकलं की याच्या वर काही नाही.

"तरणी हाय अजून," व्याही म्हणाले. पेणची माणसं शुद्ध बोलायला जातात, पण शेकोटीजवळ बसले की त्यांचीही जीभ सुटते. "अंगात मस्ती हाय नुसती. ठेवा की वीस वर्षं, मग बघा."

"वीस वर्षं कोण बघतंय? तुम्ही बघा. मी आज पितो."

"चौऱ्याण्णवची बघा मग. तिला झालीत की तेवढी वर्षं."

जावयाला चौऱ्याण्णवच्या दोनच बाटल्या मिळाल्या होत्या. त्यातल्या पहिलीचा सत्यानाश आम्ही केला, म्हणजे महामार्गाने केला. नातीच्या बारशाला व्याही ती पेणहून वरशाला घेऊन आले. वडखळपासून जे खड्डे लागले ते कोलाडपर्यंत. जुन्या पोर्टच्या तळाशी गाळ असतो, तो बसू द्यावा लागतो, हे तोवर आम्हाला ठाऊक नव्हतं. घरी आल्या आल्या बाटली फोडली. तोंडात काळा चोथा आला. मी म्हणालो, "व्याही, ही वाइन हाय का कुंडलिका नदीचं पाणी?"

सगळे हसले. ते हसले नाहीत. रुमालाने ओठ पुसत म्हणाले, "गाळाला दोष द्या. तिला नका देऊ. गाळाच्या मागे काहीतरी होतं."

"काय होतं?"

"तेच तर कळलं नाही."

तेव्हापासून हा वाद. मी अकराचा, ते चौऱ्याण्णवचे. शेवटी ठरलं की उरलेली चौऱ्याण्णव आणि एक अकराची शेजारी शेजारी ठेवायची, नीट गाळून घ्यायची, आणि निकाल लावायचा. गाळायचं काम त्यांचं. रंग गाळायचं धुतलेलं मलमलचं फडकं घेऊन ते बाटली अशी तिरपी धरतात की धार तुटत नाही आणि हातही हलत नाही. मला ते जन्मात जमणार नाही. मी पिंप उलटे करणारा माणूस.

दिवस ठरला गटारीचा. त्याला कारण होतं. घरगुती शाडूच्या मूर्तींचे डोळे व्याही स्वतः आखतात आणि आखणीला बसतात ते श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून. एकदा आखणी सुरू झाली की विसर्जन होईपर्यंत त्या घरात दारूचा थेंब कुणाच्या ओठाला लागत नाही. त्यांच्या वडिलांपासूनचा नेम आहे. म्हणजे गटारी हुकली की गेला दीड महिना.

आणि नेमका त्याच दिवशी, रोह्याच्या एका बंद पडलेल्या कंपनीचा बॉयलर विक्रीला निघाला. मुंबईहून एक घेणारा सकाळीच येऊन बसला होता. मी तिथून हललो असतो तर त्याने उचललाच असता. दुपार उलटून गेल्यावर मी व्याह्यांना फोन लावला.

"व्याही, आज नाय जमायचं. हा मुंबईवाला गोचिडासारखा चिकटलाय. आपलं गणपतीनंतर बसू. बाटलीला काय पाय फुटत नाहीत."

व्याह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं. काम आधी. तुम्ही निवांत बघा."

निवांत बघा. हे त्यांचे शब्द. बॉयलर मी घेतला आणि तो मुंबईवाला हात हलवत गेला. त्या रात्री मी खुशीत झोपलो.

अनंत चतुर्दशी झाल्यावर मी पेणला गेलो. व्याही दमलेले, दाढी वाढलेली, कारखाना रिकामा. विहीणबाईंनी पोह्यांचे पापड भाजून आणले. व्याह्यांनी अकराची नवी बाटली आणली, आणि तिच्या शेजारी गुलाबपाण्याची एक लहान बाटली ठेवली. काठोकाठ भरलेली, बूच लावलेलं, बुचावरून शाडूचा लेप.

"चौऱ्याण्णवची कुठाय?" मी विचारलं.

"हीच. तुमचा वाटा."

"आणि मोठी बाटली?"

"ती गटारीलाच उघडली होती. सकाळी. गाळून, भांड्यात काढून ठेवली होती. तुमचा फोन आला तेव्हा ती उघडीच होती."

एवढी जुनी वाइन एकदा उघडली की एका दिवसाची. हे त्यांना ठाऊक, मला ठाऊक, दोघांना जावयाने शिकवलेलं. "मग बोलला का नाहीत फोनवर?"

"तुम्ही कामात होतात."

"खड्ड्यात गेलं काम. एक शब्द बोलला असतात तर बॉयलर त्याच्या डोक्यावर टाकून आलो असतो."

"म्हणून तर बोललो नाही," ते म्हणाले आणि पापड मोडला.

मी लेप फोडला. आत हवा राहू नये म्हणून त्यांनी केलं होतं ते सगळं बरोबर होतं, पण वाइन गेलेली होती. आंबट झाली नव्हती. नुसती विझली होती. लग्न होऊन गेल्यावर मांडवात शिरावं, तसं. पण अगदी तळाच्या घोटात, गिळून झाल्यावर, काहीतरी मागे राहिलं. सुक्या अंजिरासारखं, जुन्या सागवानी पेटीसारखं, नेमकं सांगता येत नाही. मग मी अकराची घेतली. चांगली होती. नेहमीसारखी.

"बोला," मी म्हणालो. "तुम्ही ताजी प्यायलात. कशी होती?"

आता हा माणूस तीनच्या सालावर अर्धा तास बोलू शकतो. दोन हजारच्या वासात मोहोर आहे तो कुठल्या आंब्याचा, यावर बोलत बसून त्यांनी मला एकदा जेवू दिलं नव्हतं. आणि चौऱ्याण्णवबद्दल काय म्हणाले?

"चांगली होती. पण तुमचंच खरं, व्याही. अकराची वरचढ. मी उगीच हट्ट धरला."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते हरले. आणि पहिल्या बोलीला. मला ते गिळेना. माझ्यासमोर कुणी इतक्या सहज किंमत सोडली की मी आधी माल उलटा करून बघतो.

जाताना विहीणबाई पापडांची पिशवी द्यायला दारापर्यंत आल्या. मी सहज विचारलं, गटारीला एकटेच बसले होते का म्हणून.

"एकटेच," त्या म्हणाल्या. "मी मटण केलं होतं, ताट वाढलं, तर जेवायला येईनात. म्हणाले, आता काही खाल्लं तर तोंडाची चव जाईल. गटारीला उपाशी झोपलेला माणूस पाहिलाय का तुम्ही? वर मला म्हणतात, हे व्याह्यांना सांगू नको हो, त्यांना चुटपूट लागेल."

मी गाडीत बसलो आणि वडखळपर्यंत एकट्यानेच भांडत गेलो.

हे काय आहे ते मी सांगतो. माल उघडा आहे हे भागीदाराला न सांगणं, याला आमच्या धंद्यात लबाडी म्हणतात. आणि आपला माल वरचढ आहे हे माहीत असून समोरच्याला जिंकू देणं, ही त्याहून मोठी लबाडी. मुलीचा बाप म्हणून मी त्यांच्यापुढे वाकायचं, अशी रीत आहे. तशी वेळ त्यांनी माझ्यावर एकदाही आणली नाही, हे मला मान्य आहे. त्यांनी मला कधी बोलावून घेतलं नाही, कधी अडवलं नाही, कधी माझ्या कामाच्या आड आले नाहीत. पण मी मागितली होती का ही सवलत? मला चुटपूट लागेल म्हणून त्यांनी माझा निकाल परस्पर लावून टाकला, तोही माझ्या बाजूने. असला विजय घेऊन मी काय करू?

हे छापून आलं की त्यांना वाचायला मिळेल. पेणला समोरासमोर विचारलं तर ते पापड मोडतील आणि चहा सांगतील, म्हणून इथे चारचौघांत विचारतो. व्याही, त्या दिवशी माझा फोन आला तेव्हा भांड्यात काढलेली वाइन तुमच्या समोर होती. "या" हा एक शब्द तुम्ही का उच्चारला नाहीत? आणि ती चौऱ्याण्णव कशी होती? चांगली होती, एवढ्याने चालणार नाही. वास, चव, शेवट, सगळं सांगायचं, आणि अकराचीपेक्षा किती वर होती तेही. तुम्ही जिंकला आहात हे तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी तुमच्या दारात चहा घेणार नाही. मला उत्तर पाहिजे.