दुपट्ट्याखालचा हात

नागभीडजवळच्या खेड्यातल्या एका पोरीच्या बापाने आमच्या सिस्टरबाईंना फसवलं, आणि फसवताना हात माझा वापरला. त्याचं नाव मी लिहीत नाही. बैलबाजारात ते सगळ्यांना माहीत आहे.

सिस्टरबाई म्हणजे केरळच्या नन. चर्चमागच्या दोन कौलारू खोल्यांत अडचणीतल्या गरोदर बायकांना ठेवून घ्यायच्या. कुणाला नवऱ्याने हाकललेलं, कुणाच्या घरी खायला नाही, कुणाचं लग्नच झालेलं नाही. बाई दारात आली की सिस्टरबाई ओले हात एप्रनला पुसायच्या आणि म्हणायच्या, "आधी जेव. बाकीचं माझ्यावर."

मी बैलांचा दलाल. तुम्ही बैलबाजार पाहिला असेल तर दुपट्ट्याखालचा सौदाही पाहिला असेल. दोन माणसांच्या हातांवर कापड टाकायचं, बोटं धरून भाव सांगायचा, पटला की हात दाबायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही. दाबलेला हात फिरवणारा माणूस पुन्हा बाजारात तोंड दाखवत नाही, असं मी तेव्हा समजत होतो.

आमची ओळख तिथलीच. बायकांना दूध हवं म्हणून त्या गाय घ्यायला आल्या. बाईमाणसाचा हात दुपट्ट्याखाली कसा धरावा, म्हणून मी घुटमळलो. त्यांनीच हात पुढे केला. "धरा भाऊ. हात आहे, विंचू नाही." मी सांगितलं, गाय गाभण आहे, दूध लगेच मिळणार नाही. त्या म्हणाल्या, "चालेल. आमच्याकडे सगळ्या तशाच." आसपासची माणसं हसली. मीही हसलो, आणि हसण्याच्या नादात गाय माझ्या मनातल्या भावापेक्षा बरीच खाली गेली. असा मार मला दुसऱ्या कुणी दिलेला नाही.

मग त्या बापाची पोरगी. पोटात लेकरू होतं, आणि ज्याचं होतं तो पोरगा ऊर्जानगरला ठेकेदाराकडे कामाला जातो म्हणून गेला तो परतला नाही. बाप तिला गर्भ पाडायला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. पोरगी पायरीवर बसली ती आत जाईना. बाप वैतागून निघून गेला. दुसऱ्या एका बाईला घेऊन तिथे आलेल्या सिस्टरबाई तिच्याशेजारी बसल्या, डबा उघडला, तिला खाऊ घातलं आणि मग विचारलं, तुला काय हवं? ती म्हणाली, "बाबा मले लेकरासंगं घरात घेते का, थे इचारा पयले."

बाप माझ्याकडून बैल घ्यायचा. म्हणून त्याला विचारा, असं सांगायला सिस्टरबाई माझ्याकडे आल्या. मी तडकलो.

"कायद्यात बसते, डाक्टर तयार हाये. मंग तुमी काऊन मधात पडता, सिस्टरबाई?"

"कायद्यात बसतं, भाऊ. माझ्या देवाच्या घरी बसत नाही. पोटातलंही माणूसच, असं मी मानते. पण नुसतं 'नको' सांगून मी घरी जेवायला गेले, तर माझ्याइतकी लबाड मीच."

त्यांचं सगळं मला पटलं नाही, आजही पटत नाही. पण असं बोलून खरोखर ओझं उचलणारं दुसरं माणूस मी पाहिलं नव्हतं.

पुढच्या बाजाराला बाप चिंचेखाली सापडला. भोवती माणसं. तोंडाने बोलला असता तर त्याची अब्रू गेली असती. मी दुपट्टा टाकला, तोंड कानाशी नेलं आणि विचारलं, बाळंत झाल्यावर दोघांनाही घरी नेशील? हो असेल तर दाब. त्याने दाबला. बोटं कळवळली इतका दाबला, आणि त्याचे डोळे भरून आले.

मी ताठ मानेने सांगायला गेलो. सिस्टरबाईंनी एवढंच विचारलं, "तोंडाने बोलला?" मला राग आला. आमच्या बाजारात तोंडाला किंमत नाही, हाताला आहे, असं मी सुनावलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, पोरीने त्यांच्यावर. ती बाळंतपणासाठी त्यांच्या खोल्यांत राहिली.

मुलगी झाली. बाप आला नाही. ओली बाळंतीण, पण दर बाजारच्या दिवशी वेणी घालून, लेकरू मांडीवर घेऊन चर्चच्या फाटकाशी बसायची. बाजाराला आलेला बाप त्याच रस्त्याने परत जाणार होता. तो बांधाबांधाने जायला लागला.

मी त्याच्या घरी गेलो. तो खाटेवरून उठलासुद्धा नाही.

"कायचा हात, भाऊ? कोनी पाह्यला?"

मी त्याची कॉलर धरली. पण साक्षीला कुणाला बोलावणार? कुणी पाहू नये म्हणूनच तर कापड टाकलं होतं, आणि ते माझंच होतं.

परत येऊन सिस्टरबाईंना सांगताना मान वर होईना. त्यांनी ऐकलं, हात एप्रनला पुसले आणि म्हणाल्या, "बाकीचं माझ्यावर." "तोंडाने बोलला का, असं मी तुम्हाला विचारलं होतं," असं एकदाही म्हणाल्या नाहीत. म्हणायला हवं होतं. निदान मला भांडता आलं असतं.

पुढे त्यांची लांब बदली झाली, खोल्या बंद झाल्या. पोरगी लेकराला घेऊन त्यांच्याबरोबरच निघाली. एसटी लागली होती आणि समोरच्या टपरीवर तो बाप चहा पीत होता. त्याने पाठ केली. सिस्टरबाईंनी खिडकीतून माझ्यासाठी हात बाहेर काढला, पंजा उघडा. गाडी सुटेपर्यंत तो हात तसाच होता. माझा उचलला गेला नाही.

तो अजून बाजारात येतो. लोकांच्या दुपट्ट्याखाली हात घालतो आणि लोक घालू देतात. बाकीचं सगळं त्या बाईवर टाकून झालं, आता एवढं त्याच्यावर आहे. त्याने भर बाजारात चिंचेखाली यावं, हात उघडा धरावा आणि सगळ्यांदेखत सांगावं, त्या दिवशी माझी, या दलालाची, बोटं कुणी दाबली होती.