वर्चेल्लीच्या खानावळीत सुखवंताबाई

गोंदियाजवळच्या गोरेगावकडे, मूळ माळव्यातून आलेल्या पोवारांच्या एका गावात सुखवंताबाई पटले यांची धानाची शेती होती. नवरा तापानं गेला तेव्हा भाऊबंदांना वाटलं, बाई आता जमीन ठेक्यानं देईल आणि घरात बसेल. पण बाईंनी लुगड्याचा कासोटा मारला आणि स्वतः बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उतरल्या. म्हातारे सासरे मुन्नालाल शेताच्या धुऱ्यावर बसून बघत राहिले. पुढं बाईंनी नव्या जपानी पद्धतीनं रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करून असा धान काढला, की पंचावन्न साली तेव्हा राजधानी असलेल्या नागपूरच्या सरकारनं इटलीला जाणाऱ्या शेतकऱ्यांत त्यांचं नाव घातलं. तिकडंही धान पिकतो, तो बघून यायचा होता.

गावात कालवा झाला. विधवा बाई, समुद्रापार, परक्या पुरुषांसोबत! मुन्नालालनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "धान तिनं पिकवला. मंग जाईन कोन, मी?"

विषय तिथंच संपला.

बोटीवर सोबतचा लाडू-चिवडा पुरला. इटलीत उतरल्यावर मात्र हाल सुरू झाले. बाईंनी मांसमच्छी सोडलेली, आणि तिथल्या प्रत्येक पातेल्यात काय असेल याचा नेम नाही. पाव आणि फळांवर दिवस निघू लागले. वर्चेल्ली गावाभोवती नजर जाईल तिथवर धानाच्या बांध्या, आणि बाईंच्या पोटात भाताचं शीत नाही.

भुकेपेक्षा दुसरीच गोष्ट त्यांना जास्त टोचत होती. तुकडीचे प्रमुख केवळराम कृषी खात्यातले अधिकारी, भला माणूस. ते इंग्रजीत सगळ्यांची ओळख करून देत. बाईंचा नंबर आला की समोरची माणसं हळहळत. शेवटी बाईंनी विचारलंच, "साहेब, तुमी माह्याबद्दल का सांगून राहिले? आयकनारे चुकचुकते काऊन?"

"एका स्वर्गवासी शेतकऱ्याच्या पत्नी, असं सांगतो."

"मी शेतकरी आहो ना!"

"इंग्रजीत ते बरं नाही दिसत, बाई."

बाईंना त्या लोकांना स्वतःच सांगायचं होतं. भाषाच येत नाही तर भांडायचं कोणाशी?

एका दुपारी सगळे कालव्याकाठच्या साध्या खानावळीत जेवायला गेले. लाकडी बाकं, उघडी दारं. एका टेबलाशी बांध्यांतलं तण निंदणाऱ्या बाया बसल्या होत्या, पोटऱ्यांपर्यंत चिखल. बाईंचं लुगडं बघून खानावळीचा जाडजूड मालक लगबगीनं पुढं आला आणि हात जोडून म्हणाला, "राम राम, माताजी!"

सगळे चाट पडले. त्याचं नाव आल्दो. महायुद्धात इंग्रजांच्या हाती सापडला आणि चार वर्षं भोपाळजवळच्या छावणीत कैदी होता. हिंदी तो पहारेकऱ्यांकडून शिकला.

"भोपाल?" बाई हरखल्या. "हमारे पुरखे तो मालवा के हैं!"

"माताजी, गोश्त नहीं, अंडा नहीं. मालूम!" म्हणत आल्दो आत गेला. वेगळं भांडं घासून त्यानं लोण्यावर कांदा परतला, तांदूळ शिजवला, वरून चीज खिसलं. गरम भाताची ताटली समोर येताच बाईंनी हातानं कालवून पहिला घास घेतला. केवळरामांनी चमचा पुढं सरकवला. बाईंनी तो तसाच राहू दिला.

"दाना जरा कच्चा रह गया, भैया."

"हमारे यहाँ ऐसा ही अच्छा!" आल्दो हसला.

"मंग ठीक हाय," म्हणून बाईंनी ताटली पुसून खाल्ली आणि आणखी भात मागितला.

वाढता वाढता आल्दोनं विचारलं, "खेत किसका? साहब का?"

बाईंचा हात थांबला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिथलं, त्यांच्या तोंडची भाषा समजणारं कुणी विचारत होतं.

"खेत मेरा. बैल मेरे, धान मेरा. मेरा आदमी मर गया, मैं नहीं मरी."

आल्दो वळला आणि आपल्या भाषेत ते मोठ्यानं सगळ्या खानावळीला सांगितलं. निंदणाऱ्या बायांतली एक पिकल्या केसांची बाई उठून आली. तिनं सुखवंताबाईंचा हात उलटा करून तळव्यावरचे घट्टे बघितले आणि शेजारी आपला तळवा धरला. बाकीच्या बाया उठून उभ्या राहिल्या. बाईही उभ्या राहिल्या. डोळे भरले होते, पण मान ताठ होती.

संध्याकाळच्या सभेत केवळरामांनी बाईंची ओळख करून दिली. या वेळी कुणी हळहळलं नाही, टाळ्या पडल्या.

"आता का सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"शेतकरी," केवळराम म्हणाले. "माझं चुकलं होतं, बाई."

रोवण्याच्या आत बाई परतल्या. गोंदिया स्टेशनवर मुन्नालाल स्वतः बैलगाडी घेऊन आले होते. वाटेत त्यांनी सुनेकडून सगळं दोनदा वदवून घेतलं. दोन वर्षांनी बाई धानाच्या सहकारी सोसायटीच्या पंच झाल्या, तेव्हा नाव सुचवणारे भाऊबंदच होते.

मुन्नालालना मात्र खानावळीच्याच गोष्टीचं वेड. बाजारात कुणी भेटलं की ते सांगत, "माही सून भरल्या खानावळीत का बोलली, आयका!" त्यांच्या गोष्टीत उभ्या राहिलेल्या बाया दर वर्षी वाढत गेल्या. सुखवंताबाईंनी त्यांना कधी टोकलं नाही.