भिवराबाईनं निवडलेलं बेणं

भिवराबाईला उसातलं कळत नाही, असं वडवणीत कुणी म्हणून तर दाखवा! लग्नाची हळद उतरायच्या आत ती टोळीबरोबर ऊसतोडीला गेली, आणि तेव्हापासून दसरा सरला की घराला कुलूप. नवरा आसाराम ऊस तोडणार, ही मोळ्या बांधून ट्रकात चढवणार. मुकादम दोघांना मिळून एक कोयता धरतो. एकट्या माणसाला टोळीत जागा नाही.

गेल्या हंगामात आसारामच्या कमरेचा मणका सरकला. तेव्हा बाईनं ठरवलं, आता घरच्या वावरात ऊस लावायचा. लेक करिष्मा अकरावीला होती. तिला तोडीला न्यायचं नाही, एवढाच हट्ट.

हंगाम संपताना, तोड चालू होती त्या फडाच्या मालकाला विचारून लावणीचं बेणं तिनं स्वतः निवडलं. काही बेटांना गवतासारखे दाट फुटवे होते. ऊस बारीक, पण बाई खूष! "लई फुटवे हायेत, एकाचे ईस होत्याल," म्हणत तिनं हटकून तसलीच बेटं वेचली. शेंड्याला काळी काडी दिसली की वाळलेली समजून छाटून टाकली. अहो, तोडणाऱ्याला ऊस दिसतो तो कापायला आलेला. तो वाढताना कधी पाहिला होता तिनं?

उन्हाळा सरता सरता शेंड्या-शेंड्यातून काळे, लांब चाबूक निघाले. बाईनं ते हातानं उपटून झटकले, तशी काळी भुकटी वावरभर उडाली. घाबरून तिनं शेजारच्या भागवतरावांच्या लेकीला, स्वप्नालीला, बोलावलं. ही पोरगी कृषी विद्यापीठात बुरशीवरच शिकते.

"काकू, ही काणी, उसावरची बुरशी," स्वप्नाली म्हणाली. "ह्या भुकटीतनं दोन जातीचे अंकुर निघतात. एकटा असला तर गप पडून राहतो, उसाला काही करत नाही. दुसऱ्या जातीचा भेटला की दोघं एक होतात आणि उसाच्या पेरावरल्या डोळ्यातनं आत घुसतात. मग बेट गवतासारखं फुटतं. कुणी कुणाशी जुळायचं, हे त्यांच्या जनुकांत ठरलेलं असतं."

"जनुक म्हंजी?"

"आईबापाकडनं आपल्यात उतरतं ना, ते. ह्या बुरशीतलं तसलं एक आम्ही बिघडवून पाहिलं. जोडीच जुळली नाही, आणि ऊस चांगला राहिला."

भिवराबाईचा चेहरा खुलला. "मंग आमच्या वावरात कर की, माय!"

स्वप्नालीनं मान खाली घातली. "ते प्रयोगशाळेत होतंय काकू, वावरात नाही. भुकटी उडू नये म्हणून चाबकावर पोतं घाला, बेट मुळासकट उपटा आणि जाळा."

बाईनं उपटायला घेतलं. एक काढलं की शेजारच्यात चाबूक. बेणंच तसलं, दोष कुणाला देणार? तिला स्वतःचाच संताप आला आणि रडूही आलं. बांधावर बसलेल्या आसारामला वाकताही येत नव्हतं. "अगं, निम्मा तरी ठेव," तो म्हणाला.

"कोणता निम्मा ठिवू? दावा मला!" ती ओरडली, आणि उपटत उपटत सगळं वावर उघडं केलं.

दसऱ्याला नाथा मुकादम दारात आला. "भिवराकाकू, येताय व्हय? पण जोडीला कोण? आसारामभाऊला तर उठवत न्हाई."

तेवढ्यात करिष्मा आतून ओढणी कमरेला बांधत बाहेर आली. "म्या येते."

तिला आत लोटायला भिवराबाईनं हात पुढं केला, आणि ओढणीची गाठच आवळून दिली. घरात दुसरं होतं तरी कोण?

नाथानं पोरीकडं पाहिलं. "कोयता धरता येतो का हिला?"

"न्हाई," भिवराबाई म्हणाली. "शिकवीन."