मधल्या ओळीतली शिट्टी

१० जानेवारी. संक्रांत जवळ आली की कडक भाकरीला मागणी वाढते. सकाळी केलेल्या भाकऱ्या गच्चीवर पसरल्यात आणि मी कावळे हाकलत बसलेय.

हे मी कुणाला बोललेले नाही. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण — कारण काही नाही. सांगायला हवं, एवढंच.

दोन वर्षांपूर्वी एक तेलुगू सिनेमा आला होता. हिरो एका हाताने ट्रक उलटवतो, चालत आला की जमीन हादरते. निम्मं सोलापूर त्यापायी वेडं झालं होतं. मी मात्र न पाहताच त्याला नावं ठेवायची. माझ्याकडे भाकरी थापणाऱ्या बायकांना सुनावायची, पैसे देऊन डोकं कशाला दुखवून घ्यायचं? त्यांतली वनिता म्हणायची, "काकूला नुसत्या बातम्या लावून द्या की!" सगळ्या हसायच्या. मला बरं वाटायचं. आपण चारचौघींपेक्षा जरा वेगळ्या — असं वाटलेलं कुणाला आवडत नाही?

पद्माक्का माझ्याकडे भाकऱ्या करते. विणकरांचं घर, घरात तेलुगू. तिला तो सिनेमा बघायचाच होता आणि मुलगा एकटीला सोडेना. म्हणून मी गेले. निव्वळ सोबत म्हणून — सगळ्यांना असंच सांगितलं.

आणि मग? मध्यंतराच्या जरा आधी हिरोची म्हातारी आई गुंडांच्या हातून सुटते आणि स्वतःच कोयता उचलते. माझ्या अंगावर काटा आला. थिएटरात नुसता कल्ला. मी दोन बोटं तोंडात घातली — सांगोल्याकडच्या माळावर शेळ्या वळवताना शिकले होते — आणि शिट्टी मारली. एकदा नाही. मजा आली, खोटं कशाला बोलू? पद्माक्का माझ्याकडे बघतच राहिली, मग खुर्चीतच उड्या मारत टाळ्या वाजवायला लागली.

दुसऱ्या दिवशी वनिता हसतच कामावर आली. तीही आमच्या मधल्या ओळीच्या मागे कुठेतरी बसली होती. "काकू, तुमच्या वळीतनं शिट्टी कोन मारत हुतं ओ? लई जोरात!"

खरं सांगायला काय लागत होतं? चार जणी हसल्या असत्या, संपलं असतं. पण मी म्हणाले, "कोण म्हणजे? आपली पद्माक्का! मला मान खाली घालायची वेळ आली."

पद्माक्काने पिठाचा गोळा घेतला आणि थापत राहिली. माझ्याकडे कामाला होती ती — बोलणार कशी? आणि हे मला तेव्हाच कळत होतं. नंतर नाही. तेव्हाच.

तिला 'शिट्टीवाली अक्का' नाव पडलं. ते तिच्या मुलाच्या, श्रीनिवासच्या कानावर गेलं. या वयात, चारचौघांत? त्याने तिचं थिएटरला जाणं बंद केलं. नातवंडं असलेल्या बाईचं — बंद. मला वनिताने सांगितलं तेव्हा मी तवा पुसायला घेतला.

आता त्याच सिनेमाचा दुसरा भाग लागलाय. सगळ्या जाणार आहेत. आज मी पद्माक्काला विचारलं, तर म्हणाली, "मला न्हाय आवडत तसले सिनेमे. नुसतं डोकं दुखतंय." माझंच वाक्य. तिच्या तोंडून.

११ जानेवारी. सकाळी सगळ्या आल्या. पिठाला हात लावायच्या आधी सांगून टाकलं. शिट्टी माझी होती. सिनेमा मला आवडला होता. पद्माक्काचं नाव घेतलं, कारण ती उलटून बोलणार नाही हे मला माहीत होतं.

कुणी हसलं नाही. वनिताने खाली बघितलं. पद्माक्का तेवढी म्हणाली, "हितं सांगून काय हुनार, वहिनी? माज्या लेकाला सांगा की."

बरोबर होतं तिचं. मी चपला घातल्या आणि तिच्या घरी गेले. श्रीनिवास दाढी करत होता. उभ्या उभ्याच त्याला सगळं सांगितलं. तो फेसाळल्या तोंडाने ऐकत राहिला. तेवढ्यात पद्माक्का माझ्या मागून आत आली आणि त्याला तेलुगूत मोठ्या आवाजात बरंच काही बोलली. मला त्यातलं 'सिनेमा' एवढंच कळलं.