माझ्या हाताखाली कोणाचा हात होता

माझ्या नावाने जी हकीकत सध्या सोलापुरात फिरते आहे, ती खोटी आहे. माझे चुलतभाऊ गुरुसिद्धप्पा यांनी ती आधी समाजाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली आणि मग श्रावणी सोमवारी देवळाच्या सभामंडपात माईक हातात घेऊन सांगितली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे इस्पितळात माझ्या खाटेशी साक्षात देवी आली, तिने माझ्या लुळ्या हाताला स्पर्श केला, हात बरा झाला आणि देवी अदृश्य झाली. माझ्या मुलाचे, महेशचे, म्हणणे दुसरेच. अप्पांचा हट्ट अखेर सुटला, डॉक्टरांपुढे ते नमले, असे तो पाहुण्यांना सांगतो. मी अजून जिवंत आहे, माझी स्मरणशक्ती शाबूत आहे, आणि जे घडले ते माझ्या तळहातावर घडले. तेव्हा ते सांगण्याचा पहिला हक्क माझा.

आम्ही लिंगायत. लहानपणी दीक्षा झाली तेव्हापासून इष्टलिंग माझ्या गळ्यात, चांदीच्या डबीत आहे. रोज सकाळी स्नान करून ते डाव्या तळहातावर घ्यायचे, उजव्या हाताने भस्म लावायचे, बेल वाहायचा, नजर लिंगावर ठेवून नामस्मरण करायचे, आणि त्यानंतरच अन्नाला हात लावायचा. मार्केट यार्डात माझे आडत दुकान होते. कांद्याच्या गाड्या पहाटेच दाराशी लागत, हमाल हाका मारत, व्यापारी खोळंबत. पण पूजेवाचून मी कधी चहाचा घोटही घेतला नाही. पत्नी गेली त्या दिवशीसुद्धा घेतला नाही. तरुण मुले मला विचारत, रोज पहाटे उठायला काय करावे? मी सांगे, उठावे. आणि पुढे हेही सांगे की शिस्त ज्याची त्याने एकट्याने पाळायची असते. जिला दुसऱ्याचा आधार लागतो तिला मी शिस्त म्हणत नाही, सोय म्हणतो. हे मी अभिमानाने सांगत असे आणि त्या अभिमानाबद्दल मला कोणाचीही क्षमा मागायची नाही.

मग अर्धांगवायूचा झटका आला आणि नेमका डावा हात गेला. म्हणजे हात जागेवर होता, पण तळवा सरळ राहीना. थरथरे आणि एका बाजूला कलंडे. लिंग हातातून पडणे याहून मोठे संकट आमच्याकडे मानीत नाहीत. शुद्ध नीट आल्यावर पहिल्याच सकाळी नाश्ता समोर आला आणि मी तो परत पाठवला. मला मधुमेह आहे, हे सर्वांनी मला आळीपाळीने सांगितले, जणू तो मला नसून त्यांनाच होता. महेश म्हणाला, लिंग टेबलावर ठेवून पूजा करा. गुरुसिद्धप्पा फोनवर म्हणाले, मनातल्या मनात करा. दुपार झाली, तरी मी काही खाल्ले नाही. महेशचा तोल गेला. "अप्पा, उपाशी मरा म्हणून देव सांगतोय काय तुमाला?"

"देव सांगत नाही. मी सांगतो आहे."

तो पाय आपटत बाहेर गेला. माझी सून शिवलीला दाराशी उभी राहून पदराने डोळे पुसत होती. मी तोंडाने कठोर बोललो, पण आत मात्र काहीतरी खचले होते. ज्याला आयुष्यभर हातावर घेतले, त्यानेच माझा हात काढून घेतला, असे मला त्या दुपारी प्रथमच वाटले. पूजा जमली नाही तर अन्न नाही, आणि अन्न नाही तर फार काळ मीही नाही, हे मला कळत होते. तरीही मी परिचारिकेकडून हातपाय पुसून घेतले, उशीला टेकून बसलो आणि डबी उघडली.

लिंग तळहातावर ठेवले. भस्म लावले. बेल उचलण्यासाठी उजवा हात वळवला आणि डावा तळवा कलंडला. लिंग सरकू लागले. तेवढ्यात शेजारच्या खाटेकडून एक हात आला आणि माझ्या तळव्याखाली पालथा नव्हे, उताणा, घट्ट टेकला. त्या खाटेवर एक यंत्रमाग कामगार आजारी होता. ही त्याची बायको, विड्या वळणारी, तेलुगू बोलणारी, जवळपास साठीची.

"ओ अण्णा, हलू नका की! पडतंय न्हवं ते!"

"हात सोडा," मी म्हणालो.

"सोडते की. पडलं तर मला बोलू नका."

मला हात काढून घ्यायचा होता, पण काढला असता तर लिंग पडले असते. आयुष्यात प्रथमच माझ्या नेमाची आणि माझ्या मानाची वाट वेगळी झाली होती, आणि निवड करायला एका श्वासाएवढाच वेळ होता.

"हात तुमचाच हाय," ती म्हणाली, "मी निस्तं खालून धरलंय. करा की तुमची पूजा." मग मान वळवून तिने नवऱ्याला तेलुगूत दटावले, त्याने मुकाट्याने दुधाचा पेला तोंडाला लावला.

मी पूजा केली. पूर्ण केली, एकही अंग न गाळता. डोळे लिंगावर होते, पण तळव्याच्या पाठीला तिची खरखरीत बोटे जाणवत होती. आणि नाम घेता घेता मनात आले, आजवर हा हात स्थिर होता तेव्हा तो कोणी धरला होता? मी? झोपेत चालणारा श्वास मी धरला नव्हता, पहाटेची जागही मी विकत आणली नव्हती. माझे डोळे भरून आले. तिने ते पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

"झालं? आता खावा कायतरी. ती पोरगी मघापास्नं रडतीय तितं."

आता गुरुसिद्धप्पांनी ऐकावे. ती अदृश्य झाली नाही. तिच्या नवऱ्याला घरी सोडले, आणि गाठोड्यांसाठी जागा नाही म्हणणाऱ्या रिक्षावाल्याशी भांडत ती सर्वांदेखत गेली. हातही बरा झालेला नाही. हे लिहितानाही तो मांडीवर थरथरतो आहे. समाजातल्या एका वडीलधाऱ्यांनी सुचवले की परक्या बाईचा हात लागला, शुद्धी करून घ्यावी. त्यांना मी विचारले, लिंग माझ्या तळहातावर होते, त्याखाली काय होते याची चौकशी शिवाने केली नाही, ती तुम्ही कोणत्या अधिकाराने करता? त्यांनी विषय बदलला. आणि महेशनेही ऐकावे. माझा नेम सुटलेला नाही. तो एकट्यानेच पाळला पाहिजे हा माझा नियम सुटला, आणि तो डॉक्टरांपुढे सुटला नाही.

घरी आल्यावर पहिल्या सकाळी स्नान करून बसलो, आणि लक्षात आले की आता कोणाला तरी हाक मारावी लागणार. शिवलीलेला मी आजवर हुकूम पुष्कळ दिले; विनंती ती पहिलीच. शब्द बाहेर पडायला वेळ लागला.

"आले मामा, कुकरची शिट्टी होऊ द्या की एक," ती आतून म्हणाली.

मी डबी छातीशी धरून थांबलो. पहाटे उठणे सोपे होते, उपाशी राहणे त्याहून सोपे. दुसऱ्याच्या सवडीने, न कुरकुरता बसून राहणे ही शिस्त मी या वयात शिकतो आहे, आणि ती मला अजून नीट येत नाही. पण रोज शिवलीला येते, मैंदर्गीच्या माहेरचे कानडी पद गुणगुणत माझ्या हाताखाली हात धरते, आणि मी तिचे व शिवाचे उपकार एकाच नमस्कारात मानतो.

गुरुसिद्धप्पांना माझे जाहीर निमंत्रण आहे. कोणत्याही सकाळी या. थरथरणारा हात पाहा, त्याखालचा हात पाहा. कितीही धुतला तरी त्याला फोडणीचा वास राहतो, तोही घ्या. आणि मग माईक हातात घेऊन सांगा, देवी कुठे अदृश्य झाली ते.